दव सुकल्यावर सुटणारी गुरं

पावसाळ्यात पश्चिम आफ्रिकेतले अनेक फुलानी गुराखी पहाटे गुरं सोडत नाहीत. उजाडतं, बायका धारा काढून मोकळ्या होतात, गाई चरायला जायला अधीर होतात, तरी गुराखी तळावरच थांबून राहतो. गवतावरचं दव सुकलं, ऊन जरा वर आलं की मग काठी खांद्यावर आडवी टाकून तो निघतो. का थांबलास म्हणून विचारलं, तर ओल्या गवतानं पोटात जंत होतात, एवढंच उत्तर मिळतं.

परजीवीशास्त्राची पुस्तकं तेच जरा लांबण लावून सांगतात. हिमोंकस नावाचा एक जंत गुरांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या जठरात चिकटून रक्त पितो. त्याची अंडी शेणातून, लेंड्यांतून बाहेर पडतात. अंड्यातून निघालेली अळी दोनदा कात टाकते आणि मग गवताच्या पात्यावर चढायला लागते, कारण जनावराच्या तोंडात जायचा तिला तेवढाच रस्ता असतो. पण चढायला पाण्याचा पातळसा थर लागतो. दव असलं की अळी पात्याच्या टोकाकडे सरकते, ऊन तापलं की पुन्हा बुडाशी, मातीच्या ओलाव्यात उतरते. म्हणजे दव सुकेपर्यंत जो थांबला, त्यानं एकही पाला न कुटता, एक थेंबही न पाजता बरेचसे जंत गवतातच ठेवून दिले.

फुलानींच्या झाडपाल्याच्या औषधांवरचे निबंध मी काही वर्षं मिळतील तसे वाचते आहे. बहुतेकांत तक्ते असतात. एका रकान्यात झाडाचं शास्त्रीय नाव, दुसऱ्यात पान की साल की मूळ, तिसऱ्यात रोग. त्या तक्त्यांत दवाला जागा नाही. थांबण्याला नाही, चालण्याला नाही आणि जनावराकडे बघत उभं राहण्यालाही नाही. माझ्या मते फुलानींचं औषध सुरू होतं ते इथे, आणि झाडाची साल त्यात बऱ्याच नंतर येते.

फुलानी लोक सेनेगलपासून पार सुदानपर्यंत पसरलेले आहेत. फ्रेंचमध्ये त्यांना पेल म्हणतात, ते स्वतःला फुल्बे म्हणवतात. अडीच ते चार कोटींच्या दरम्यान संख्या असावी असे अंदाज आहेत. त्यातले कित्येक आता शेतकरी, व्यापारी, शिक्षक, शहरवासी आहेत. पण साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या, पट्ट्यात गुरं घेऊन ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण फिरणारे अजूनही पुष्कळ आहेत. पांढरी, वीणेच्या आकाराच्या शिंगांची बुनाजी गाय त्यांची. तांबडी, अवाढव्य शिंगांची म्बोरोरो गायही त्यांचीच. रंगावरून, शिंगांवरून गाईंना नावं असतात, आणि कळपातली कोणती गाय आज मागे रेंगाळतेय हे लहान पोरंसुद्धा सांगू शकतात.

आता झाडांकडे येते. नायजेरियात झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठातल्या न्वुदे आणि इब्राहिम या संशोधकांनी १९८० साली तिथल्या पारंपरिक पशुवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९८४ मध्ये इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या काही वनस्पती जंतांवर तपासूनही पाहिल्या. तेव्हापासून अशा याद्या वाढतच गेल्या. त्या वाचताना मला परमुलखात असल्यासारखं वाटलंच नाही. अ‍ॅनोजायसस म्हणजे आपल्या धावड्याचा आफ्रिकी भाऊ. त्याची साल आणि पानं जंतांवर देतात. अ‍ॅनोना सेनेगलेन्सिस म्हणजे सीताफळाची रानटी बहीण. बॅलनायटीस म्हणजे आपल्या हिंगणबेटाचं झाड. त्याच्या फळात सॅपोनिनं असतात, पाण्यात घुसळलं तर फेस येतो आणि पाण्यातल्या गोगलगायी मरतात. सुदानमध्ये आर्चिबाल्ड यांनी १९३३ सालीच याचा उपयोग माणसांमध्ये बिल्हार्झिया हा कृमींचा रोग पसरवणाऱ्या गोगलगायींविरुद्ध सुचवला होता. गुरांच्या यकृतात शिरणारे पानासारखे चपटे कृमीही आयुष्याचा एक टप्पा गोगलगायीतच काढतात.

आणि रुई. आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. त्याच रुईच्या एका जातीचा चीक फुलानी गुराखी गजकर्णावर, गोचिडांनी केलेल्या जखमांवर लावतात. बेनिनमधल्या फुलानी बायका याच झाडाच्या रसानं गाईचं दूध नासवतात आणि वागाशी नावाचं पनीर करून बाजारात विकतात. हा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायबंदी होतो, त्यामुळे कोणी किती आणि कसा वापरायचा हे घरातल्या जाणत्यांकडूनच शिकावं लागतं. दुधाचं आणि वासरांचं सगळं बायकांकडे असतं. दावणीला बांधलेल्या वासरांपैकी कोणाचं पोट डेऱ्यासारखं फुगलंय, कोणाच्या शेणाला वास येतोय, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. झेबू, म्हणजे वशिंडाच्या, गाईच्या वासराला एक जाडजूड गोल जंत आईच्या दुधातूनच होतो. तेव्हा वासराच्या पहिल्या महिन्याची राखण करणारी बाई ही त्या कळपाची पहिली वैद्य. निबंधांत मात्र मुलाखती बहुतेक पुरुषांच्याच असतात. हे मला खटकतं.

जंतांवरचं सगळ्यात नावाजलेलं झाड म्हणजे खाया सेनेगलेन्सिस. उत्तर नायजेरियातल्या हौसा भाषेत मदाची. आपल्याकडे शहरांत रस्त्याकडेला सावलीसाठी खाया लावतात, काही शेतकरी लाकडासाठीही लावतात, पण तिची साल कडू जहर असते हे इथे फारसं कोणाला माहीत नाही. ती कडुनिंबाच्याच कुळातली. साल ठेचायची, पाण्यात भिजत घालायची, पाणी तांबूस-तपकिरी झालं की गाळून पाजायचं. अनेकदा त्यात मीठ नाहीतर नॅट्रॉन, म्हणजे तिकडच्या तळ्यांकाठी मिळणारा खार, घालतात.

पाजणं हे कामही सोपं नाही. एकानं मान धरायची, दुसऱ्यानं गालाच्या फटीतून, दात नसतात तिथून, औषध थोडं थोडं सोडायचं. डोकं फार वर उचललं तर पाणी श्वासनलिकेत जातं आणि जंतांऐवजी फुप्फुसाच्या दुखण्यानं जनावर दगावतं. मधूनमधून हात थांबवायचा, घोट गेल्याचं गळ्यावरून बघायचं, मग पुढचा घोट. आमच्याकडे बांबूच्या नळकांड्यानं खिलार बैलाला काढा पाजताना घरातली मोठी माणसं नेमकं हेच करत. गळ्याची ती घोटी वरखाली झाली की आजोबा मान हलवायचे आणि पाजणारा पुन्हा नळकांडं तिरकं करायचा.

खायाच्या सालीचा उपयोग होतो का? इबादान विद्यापीठातल्या अडेमोला आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या कामात सालीचा अर्क मेंढ्यांना पाजला, तर लेंड्यांमधली जंतांची अंडी बरीच कमी झाली. पण तो होता प्रयोगशाळेत काढलेला, मोजून दिलेला अर्क. तळावर भिजवलेल्या सालीत ताकद किती उतरते हे झाडाच्या वयावर, ऋतूवर, भिजवण्याच्या वेळेवर ठरतं. शिवाय बाजारातल्या जंतनाशकाकडून पंचाण्णव टक्के घट अपेक्षित असते, झाडपाला क्वचितच तिथवर पोचतो. झाडपाल्यानं सगळं बरं होतं असा दावा करणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या रक्तातल्या दुखण्यावर, ज्याला नायजेरियातले फुलानी साम्मोरे म्हणतात, हमखास उतारा ठरेल असं झाडच नाही. ते गुराख्यांनाही ठाऊक आहे. म्हणून त्यावरच्या डायमिनाझिन या औषधाची पिवळी पूड मिळायला लागल्यावर त्यांनी ती बिनदिक्कत उचलली. एका पिशवीत साल आणि दुसरीत इंजेक्शनची सिरिंज, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही.

परंपरा म्हणजे काहीतरी हजारो वर्षं न बदललेलं, हा समज किती पोकळ आहे ते कडुनिंबावरून कळतं. आज उत्तर नायजेरियात गावोगाव कडुनिंब दिसतो. हौसात त्याला डोगोन यारो म्हणतात. गुराखी त्याची पानं पाण्यात उकळून जनावरांना धुतात, बियांचं तेल गोचिडांवर लावतात, आणि तक्त्यात हे झाड पारंपरिक उपाय म्हणून नोंदलेलं असतं. पण कडुनिंब तिथला नव्हेच. तो आपल्या भारतीय उपखंडातला. गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे, ब्रिटिश गव्हर्नर गॉर्डन गुगिसबर्ग यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या दशकात, तो सावलीसाठी आणि सरपणासाठी पश्चिम आफ्रिकेत आला आणि १९२८ च्या सुमारास तिथून नायजेरियातल्या बोर्नोकडे गेला. जेमतेम शंभर वर्षं झाली. तेवढ्या अवधीत फुलानींनी त्याची चव घेतली, खायाशी त्याचं नातं ओळखलं, कशाला चालतो आणि कशाला नाही ते पारखलं आणि घरच्या औषधांत त्याला जागा दिली. मला हे फार मोलाचं वाटतं. जुनं जपणं आणि नवं पारखून घेणं, दोन्ही कामं त्यांनी एकाच सवयीनं केली.

त्यांच्या गाईंचं वशिंडही मूळचं आपल्याच बाजूचं. सिंधूच्या खोऱ्यात माणसाळवलेली वशिंडाची गुरं समुद्रानं आणि वाळवंटानं शतकानुशतकं आफ्रिकेत पोचत राहिली. पश्चिम आफ्रिकेतली मूळची बिनवशिंडाची गुरं, गिनी देशातल्या फुटा जालोनच्या डोंगरातली न्दामासारखी, साम्मोरेला बरीच दाद देत नाहीत. वशिंडाची गाय दूध-मांसाला चांगली, लांब चालणारी, पण त्सेत्से माशीपुढे हतबल. म्हणूनच तिला घेऊन फिरावं लागतं.

आणि तिसरी वस्तू आशियातून गेली ती गोचीड. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही दक्षिण आणि आग्नेय आशियातली गोचीड आपल्या गोठ्यांना चांगली परिचयाची. व्यापाराबरोबर ती लॅटिन अमेरिकेत गेली. बेनिननं २००४ मध्ये जास्त दुधाच्या आशेनं ब्राझीलमधून गिरोलांडो गाई आणल्या, आणि त्यांच्याबरोबर ही गोचीडही उतरली असं मानलं जातं. २००७ मध्ये कोत दिव्वारमध्ये तिची नोंद झाली, पाठोपाठ बेनिनमध्ये. गोचीडनाशकांना ती लवकर सरावते.

तिकडची जुनी गोचीड वेगळी. अ‍ॅम्ब्लिओमा व्हॅरिएगाटम. तिच्या नराच्या पाठीवर नारिंगी-तांबूस नक्षी असते, दागिन्यासारखी. कासेवर, गळ्याच्या पोळीवर, शेपटीखाली ती बसते आणि तिची सोंड इतकी लांब की उपटताना मुंडकं आत राहून जखम चिघळते. गाईचा सड कायमचा बाद व्हायला तेवढं पुरतं. फुलानी पोरं संध्याकाळी तळावर गाई परतल्या की एकेक गोचीड हातानं काढतात आणि शेकोटीत टाकतात. शेण्यांचा धूर धुमसत असतो, गाई आपण होऊन त्या धुरात येऊन उभ्या राहतात, कारण तिथे माश्या नसतात. जुन्या गोचिडीशी झगडायची ही पद्धत पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली. नव्या गोचिडीला ती सगळ्या बाजूंनी पुरी पडत नाही. ती बारीक असते, संख्येनं अफाट असते आणि एकाच जनावरावर सगळ्या अवस्था काढते. तेव्हा गुराखी आठवडी बाजारात जातो आणि तिथे पत्र्याच्या टपरीत, मोटरसायकलवर, बिनलेबलच्या बाटल्यांत मिळतं ते औषध घेतो. त्यातलं किती खरं आणि किती पाणी घातलेलं, हे त्याला कळायला मार्ग नाही. कमी मात्रेचं औषध वारंवार लागलं की परजीवी त्याला पचवायला शिकतात. याचा दोष गुराख्याला द्यायची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते.

आता बघण्याविषयी. सांगोल्याकडे आमच्या रानात जोंधळा निघाला की धनगरांचा वाडा बसायचा. मेंढ्या रात्री रानात बसवायच्या, लेंडीखत रानाला मिळायचं, बदल्यात धान्य. हौसा शेतकरीही कापणीनंतर फुलानींची गुरं आपल्या शेतात अशीच बसवून घेतात, हे मी वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. त्या वाड्यातले एक तात्या मेंढी पायांत धरून तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायचे. मी विचारलं, "तात्या, औषध काढलंच आहे तर सगळ्यांनाच का पाजत नाही?" ते म्हणाले, "सगळ्यांस्नी कशाला, ताई? हीच तेवढी पांढरी पडलीया." आतली कातडी गुलाबी असली की मेंढी सोडून द्यायची, फिकट असली तरच पाजायची.

दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात पशुवैद्यांनी याच गोष्टीचा रंगतक्ता केला. त्याला फामाचा म्हणतात. पापणीच्या आतला रंग तक्त्याशी जुळवायचा आणि पंडुरोग झालेल्या जनावरालाच औषध द्यायचं. त्यामागचं कारण पटणारं आहे. सगळ्या कळपाला औषध पाजलं तर फक्त औषधाला दाद न देणारे जंत उरतात आणि पुढची सगळी प्रजा त्यांचीच होते. थोड्याच जनावरांना पाजलं तर कुरणात साधे जंतही राहतात आणि औषधाची धार टिकते. फुलानी गुराखीही रेंगाळणारी, केस उभे राहिलेली, जबड्याखाली पाणी साठलेली गाय हेरतो आणि साल तिच्यासाठी भिजवतो. झाड तोडायचे कष्ट, साल कुटायचे कष्ट, यामुळेही औषध जपून वापरलं जातं. स्वस्त बाटलीनं ही जपणूक संपवली.

चालणं हा तर त्यांच्या औषधाचा कणाच. पाऊस सुरू झाला की दक्षिणेकडे चिखल, माश्या, जंत वाढतात, तेव्हा कळप उत्तरेला, कोरड्या साहेलकडे सरकतात. पावसाळा सरता सरता नायजरमध्ये इन-गॉलच्या आसपास वोडाबे फुलानी आणि सहारातले तुआरेग लोक आपले कळप घेऊन जमतात. तिथलं पाणी आणि गवत खारं असतं. त्या खारानं पोट साफ होतं, जंत पडतात, असा गुराख्यांचा अनुभव. फ्रेंचांनी याला क्यूर साले, म्हणजे मिठाचा उपचार, म्हटलं. आज जगभरचे छायाचित्रकार तिथे चेहरे रंगवून नाचणाऱ्या वोडाबे तरुणांसाठी जातात. सगळे जमतात ते मुळात गाईंच्या पोटासाठी.

मालीत नायजर नदीच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशात पूर ओसरला की दियाफाराबेला गुरं नदी ओलांडतात. याराल आणि देगाल हे तिथले उत्सव २००५ मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशात घेतले. नदी कधी ओलांडायची हे मनाला येईल तसं ठरत नाही, जाणते बसून ठरवतात. एकोणिसाव्या शतकात सेकू अमादूच्या मासिना राज्यानं या कुरणांचे, वाटांचे नियमच घालून दिले होते. पाणी नुकतं ओसरलेल्या गवतावर चपट्या कृमींची कोषातली पिल्लं चिकटलेली असतात. कोणत्या कुरणात कोणी कधी शिरायचं यावर जनावरांचं यकृतही ठरतं.

हेच चालणं आता अडतं आहे. पश्चिम आफ्रिकी देशांनी १९९८ मध्ये सीमापार गुरं नेण्याचा करार केला खरा, पण वाटा शेतांत गेल्या. मालीत २०१२ पासून, पुढे बुर्किना फासोतही, हिंसाचार पसरला. नायजेरियात बेन्वे राज्यानं २०१७ मध्ये मोकळ्या चराईवर बंदी घातली. शेतकरी आणि गुराखी दोघांच्याही घरांत माणसं मेली आहेत, आणि दुखणं एकाच बाजूचं आहे असं मी म्हणणार नाही. पण जो कळप हलू शकत नाही तो त्याच गवतावर पुन्हापुन्हा चरतो, स्वतःच्याच शेणातले जंत पुन्हा गिळतो. मग दव सुकेपर्यंत थांबून भागत नाही. मग साल जास्त लागते.

साल जास्त लागली की झाड मरतं. बेनिनमध्ये ओरू गाऊवे आणि तमारा टिकटिन यांनी खायाच्या झाडांचा अभ्यास केला. उन्हाळ्यात चारा म्हणून फुलानी त्याच्या फांद्या छाटतात, वर औषधासाठी साल सोलली जाते. वारंवार छाटलेल्या झाडांना फळं आणि बिया कमी धरतात. लाकडासाठी तोड होतेच. आता खाया संकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे. गुरांना औषध देणारं झाड आणि गुरांना चारा देणारं झाड एकच, आणि त्या झाडाखाली पूर्वी थोडे दिवस थांबून पुढे जाणारा कळप आता महिनोन्‌महिने मुक्काम करून आहे.

नोव्हेंबर १९९७ मध्ये पुण्यात पारंपरिक पशुवैद्यकावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. यजमान होती मणिभाई देसाईंनी उभी केलेली बाएफ ही संस्था. पुण्याच्या अंथ्रा संस्थेतल्या पशुवैद्य बायकांनी आपल्या धनगरांचं, मेंढपाळ बायकांचं ज्ञान अशाच आस्थेनं टिपलं आहे. पश्चिम आफ्रिकेत तर आता गरबाल नावाची फोनसेवा आहे. उपग्रहाच्या आधारानं कुठे गवत आहे, कुठे पाणी आहे, कळपांची गर्दी कुठे झालीये, हे माली आणि बुर्किना फासोतले गुराखी फोन करून विचारतात. म्हणजे चालण्याची माहिती गोळा करणं जमतं, हे सिद्धच झालं आहे.

म्हणून अशा नोंदी करणाऱ्या तिकडच्या आणि इकडच्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. झाडाच्या नावापुढे महिना लिहा. त्या महिन्यात कळप कुठे होता आणि त्याआधी कुठून आला होता ते लिहा. वासरांबद्दल बायकांना विचारा. साल कोणत्या झाडाची, कोणत्या बाजूनं आणि किती सोलली, झाड पुढच्या वर्षी फुललं का, तेही लिहा. आणि कळपातल्या ज्या जनावरांना औषध दिलं नाही, ती कशी ओळखली, याच्यासाठी एक रकाना मोकळा ठेवा.